संतमसवर सूर्य उगवत नाही

गेल्या अंकात मी संतमस या, दूरच्या एका ताऱ्याभोवती फिरणाऱ्या ग्रहाविषयी पानभर लिहिलं होतं आणि सोबत त्याचं जांभळं-केशरी चित्र छापलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतली चार इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी शेळगीत राहते. कडक भाकऱ्या करून विकते, बचत गटात आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंत, म्हणून हे पत्र लेकीकडून लिहून घेतेय. ती आठवीत आहे. तुमचा लेख तिनं दोनदा वाचला. शाळेत सहलीवर निबंध होता, त्यात तिनं संतमसची सहल लिहिली. तिथं सकाळी मोठ्ठा सूर्य उगवतो, जांभळा समुद्र आहे, गार वारं सुटतं, ढग इतके खाली येतात की हात लावावा. सरांनी सगळ्यावर लाल रेघ मारली अन् खाली लिहिलं, ‘असे काही नसते. खरे लिहावे.’ पोरगी दोन दिवस धड जेवली नाही. माझं म्हणणं एवढंच, की तुमच्या अंकातलं चित्र पण कुणीतरी मनानंच काढलंय की. खाली बारीक अक्षरात तसं छापलंय. मग त्यांचं चालतं अन् माझ्या लेकीचं का चालत नाही?
— एक आई, शेळगी, सोलापूर

उत्तर : ताई, एकतीस वर्षं मी सोलापुरात अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं, पण हा प्रश्न इतक्या सरळ मला कुणी विचारला नव्हता. चित्र मनानंच काढलेलं आहे, होय. संतमसचा एकही फोटो नाही. कुठल्याही दुर्बिणीतून तो वेगळा ठिपका म्हणूनसुद्धा दिसलेला नाही. मग आपल्याला त्याचं काय कळलंय आणि कसं, ते आधी सांगते. लेकीला निबंध पुन्हा लिहायचा असेल तर तिच्याजवळ हे सामान हवं.

संतमस ज्या ताऱ्याभोवती फिरतो त्याचं नाव बिभा. तारकांच्या यादीतला त्याचा क्रमांक एचडी ८६०८१. आपल्या सूर्यापेक्षा तो थोडा मोठा, थोडा जड आणि थोडा जास्त तापलेला आहे; पृष्ठभागाचं तापमान ६००० केल्विनच्या आसपास. अंतर सुमारे ३४० प्रकाशवर्षं, म्हणजे तिथून निघालेला प्रकाश इथे पोचायला तेवढी वर्षं लागतात. हवाई बेटावरच्या केक दुर्बिणीतून त्याचा प्रकाश तपासताना असं लक्षात आलं, की हा तारा झुलतोय. कधी आपल्याकडे येतो, कधी लांब जातो, सेकंदाला सुमारे २०० मीटर वेगानं. विमान जेवढ्या वेगानं उडतं, जवळजवळ तेवढाच. हे झुलणं दर २ दिवस ३ तास १८ मिनिटांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. एवढा मोठा तारा कुणी ओढल्याशिवाय झुलत नाही. ओढणारा तो संतमस. २००६ साली हा शोध जाहीर झाला.

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत लेकीला घेऊन गेला असालच. तिथला घोड्यांचा गोल फिरणारा पाळणा आठवा. त्याच्या बाजूला उभं राहिलं की घोड्यावरचं पोर आपल्याकडे येतं, मग लांब जातं. उंच आकाशपाळण्यात बसून खाली पाहिलं तर तेच पोर नुसतं गोल फिरताना दिसतं. जवळही येत नाही, लांबही जात नाही. आणि आपण कुठेतरी अधल्यामधल्या उंचीवर असलो तर येणंजाणं दिसतं, पण खऱ्यापेक्षा कमी. संतमसची फेरी आपण कुठल्या कोनातून बघतोय हे कळलेलं नाही. म्हणून त्याचं वस्तुमान ‘गुरूच्या निदान दीडपट’ एवढंच म्हणता येतं. गुरूच्या दीडपट म्हणजे पृथ्वीच्या पावणेपाचशे पट. त्यातला ‘निदान’ हा शब्द लेकीनं विसरू नये. ग्रहाची रुंदी तर मोजलेलीच नाही. तो बिभाच्या तोंडावरून आडवा जाताना दिसला असता, तर त्यानं ताऱ्याचा किती प्रकाश अडवला त्यावरून रुंदी काढता आली असती.

म्हणजे मोजलेलं म्हणावं ते एवढंच: ताऱ्याचा प्रकाश, त्याचं झुलणं, फेरीला लागणारा वेळ. बाकीचं हिशेबानं काढलेलं आहे. फेरीचा वेळ आणि ताऱ्याचं वस्तुमान ठाऊक असलं की अंतर निघतं. ते पन्नास लाख किलोमीटरच्या थोडं पुढे येतं. आपल्या सूर्यापासून बुध जवळपास ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंच. एवढ्या जवळ फिरणाऱ्या ग्रहाला तारा आपल्या ओढीनं जखडून टाकतो. चंद्र पृथ्वीला कायम एकच तोंड दाखवतो, तसा हा ग्रह बिभाला एकच तोंड दाखवत असणार. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं समजेल. भाकरी तव्यात टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, आणि मग ती कधी उलटलीच नाही. खालचं अंग करपतच राहणार. वरचंही कच्चं राहत नाही, कारण संतमस वायूचा आहे आणि वारे तापलेल्या अंगाची आच मागच्या अंगाकडे ओढून नेतात. ही आच ग्रहावर सगळीकडे सारखी वाटली गेली असं धरून हिशेब केला तर १४०० अंश सेल्सियसच्या आसपास आकडा येतो. तोंडाकडची बाजू त्याहून तापलेली. सोनं १०६४ अंशांना वितळतं, तांबं १०८५ ला. मे महिन्यात आपला पारा ४४ ला टेकला की आपण दुपारभर दारं लावून घेतो.

आता लेकीसाठी. हाच निबंध मला लिहायचा असता तर मी असा लिहिला असता:

‘संतमसला जमीन नाही, म्हणून मी फुग्याला लटकले आहे. समोर बिभा. हात लांब करून वीत पसरली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंतच्या त्या वितीत ती जेमतेम मावते. माझ्या सोलापूरच्या सूर्याला करंगळीचं एक नख पुरतं. बिभा हलत नाही. काल तिथेच होती, आजोबांच्या आजोबांच्या वेळीही तिथेच होती. इथे सकाळ हा शब्द कुणाला लागत नाही. वारा मला पूर्वेकडे रेटतोय आणि पाठीमागे बिभा खाली उतरत चाललीय. उतरतेय ती नव्हे, मीच लांब जातेय. तिची कड क्षितिजाखाली गेली, मग अर्धी ती गेली. इथे थांबता आलं तर तिन्हीसांज कधीच सरणार नाही, पण वारा थांबू देत नाही. पुढे काळोख आहे. तोही पुरता नाही. खालची हवा लोहाराच्या भात्यापुढच्या लोखंडासारखी लाल दिसतेय. आणि आता ढग आलेत. ते पाण्याचे नाहीत. गारगोटीच्या बारीक कणांचे आहेत, आणि माझ्या फुग्यावर वाळू घासल्यासारखा आवाज येतोय.’

यात वीत हिशेबातून आली. जागचा न हलणारा सूर्यही हिशेबातून आला. पूर्वेकडे वाहणारा वारा संतमसवर कुणी मोजलेला नाही, पण त्याच्यासारख्याच दुसऱ्या तापलेल्या महाग्रहांवर त्याच्या खुणा मिळाल्या आहेत. गारगोटीचे ढग तर एका ग्रहावर सापडलेच आहेत, ते पुढच्या उत्तरात सांगते. लाल हवा उष्णतेवरून मी ताडली. फुगा आणि वाळूचा आवाज माझा.

आता लेकीचा निबंध. सूर्य मोठ्ठा, हे बरोबर. तो उगवतो, हे नाही. समुद्र नाही. वारा आहे, पण गार नाही. ढगांवर मात्र रेघ मारायला नको होती. चित्रकाराचं चालतं याचं कारण असं, की त्यानं आधी आकडे घेतले आणि मग रंग घेतले, शिवाय खाली ‘कल्पना’ असं छापलं. तुमच्या लेकीनं ‘सहल’ म्हटलं होतं. तेही कल्पनाच म्हणणं झालं. तिच्याजवळ आकडे पुरेसे नव्हते, आणि त्याला माझा लेख कारण आहे. मी पानभर लिहिलं आणि तिथे सूर्य उगवत नाही, ही सगळ्यांत मोठी गोष्ट लिहायची राहून गेली.

सरांवर रागावू नका. तशीच रेघ मीही मारलेली आहे. १९९४ सालची गोष्ट. अकरावीतल्या एका मुलानं वहीच्या शेवटच्या पानावर सूर्यमाला काढली होती. त्यात गुरू उचलून बुधाच्याही आत, सूर्याला चिकटून ठेवला होता आणि शेजारी लिहिलं होतं, ‘इथे ठेवला तर वर्ष किती दिवसांचं?’ मी लाल शाईनं लिहिलं, ‘असा ग्रह असू शकत नाही.’ तेव्हा पुस्तकांत तसंच होतं: एवढे मोठे ग्रह ताऱ्यापासून लांब, थंड जागीच तयार होतात. ऑक्टोबर १९९५ मध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर केला. गुरूच्या निदान निम्म्या वस्तुमानाचा, आणि वर्ष सव्वाचार दिवसांचं. या शोधासाठी त्या दोघांना २०१९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पेपरात पहिली बातमी वाचली त्या दिवशी मी कॉलेजात जाऊन त्या मुलाची चौकशी केली. तो सोलापूर सोडून गेला होता. वही त्याच्याबरोबरच गेली. कुठे असेल तर त्यानं ती रेघ खोडावी.

लेकीला निबंध पुन्हा लिहू द्या. समासात तिनं पेन्सिलीनं खुणा कराव्यात: हे मोजलेलं, हे हिशेबाचं, हे माझं. मला पाठवलात तर पुढच्या अंकात छापते.

प्रश्न : मॅडम, आपण दिवाळी अंकात लिहिलंत की एका ग्रहावर काचेचा पाऊस पडतो आणि तोही आडवा. चौसष्ट प्रकाशवर्षांवरचा पाऊस कोणी पाहिला? मी एसटीत तीस वर्षं नोकरी केली. जे पाहिलं नाही त्याचा रिपोर्ट आम्ही लिहीत नव्हतो. पुराणातलं वर्णन आणि हे, यात फरक काय राहिला?
— एक निवृत्त वाहतूक निरीक्षक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : काका, तुमची हरकत रास्त आहे. ‘पाऊस पडतो’ असं मी लिहायला नको होतं. ‘पडत असावा’ एवढंच हातात आहे. ही माझी दुरुस्ती समजावी.

पण त्या ग्रहाबद्दल खूपसं पाहिलेलं आहे. त्याचं नाव एचडी १८९७३३ बी. हा ग्रह ताऱ्यासमोरून आडवा जातो आणि मग मागे दडतो, म्हणून संतमसपेक्षा त्याची माहिती कितीतरी जास्त मिळाली. तो ताऱ्यामागे गेला की दोघांच्या एकत्र प्रकाशातून ग्रहाचा वाटा वजा होतो. हबल दुर्बिणीनं नेमकं हेच पाहिलं: दडताना निळा प्रकाश कमी झाला, हिरवा आणि लाल झाला नाही. म्हणून २०१३ मध्ये सांगता आलं, की हा ग्रह गडद निळा आहे. २०१५ मध्ये त्याच्या दोन्ही कडांवरच्या वाऱ्याचा वेग वेगवेगळा मोजला गेला. एका कडेला तो तासाला ८७०० किलोमीटरच्या घरात निघाला. २०२४ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तिथल्या हवेत हायड्रोजन सल्फाइड सापडला, सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. काच मात्र पाहिलेली नाही. त्या निळेपणाचं एक कारण म्हणून उंचावरच्या ढगांत वाळूच्या जातीचे, म्हणजे सिलिकेटचे कण असावेत असं मानलं गेलं. तसे कण आणि तसा वारा एकत्र आले तर पाऊस आडवा पडेल, हा पुढचा अंदाज.

नंतर दुसऱ्या एका ग्रहानं हा अंदाज आणखी जवळ आणला. सुमारे १३०० प्रकाशवर्षांवरच्या वास्प-१७ बी या ग्रहाच्या हवेत गारगोटीचे, क्वार्ट्झचे, अतिसूक्ष्म स्फटिक असल्याचं जेम्स वेबच्या मोजणीतून २०२३ मध्ये कळलं. आपल्याकडे काळ्या रानात नांगर फिरला की गारगोट्या वर येतात, लहानपणी आम्ही त्या एकमेकींवर घासून अंधारात ठिणगी बघायचो. तीच वस्तू तिथे ढग होऊन तरंगते. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

आणि न पाहिलेल्या ढगांचं म्हणाल, तर आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. ढग येतात आणि पुढे जातात, हे आपण जन्मभर बघतोय. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं सोलापूरच्या आकाशात ढगांत क्षारांचे कण सोडून पाहण्याचा प्रयोग केला. विमान ढगाजवळ जात होतं, आणि आत पाणी किती हे खालून रडार सांगत होतं. रडारसुद्धा ढगाला हात लावत नाही. जाऊन परत आलेल्या लहरी मोजतं. संतमसपर्यंत विमान जाणार नाही, रडारची लहरही नाही. तिकडून येतो तो नुसता प्रकाश, त्यातूनच जे निघेल ते काढायचं. तुमच्या रिपोर्टाच्या भाषेत सांगायचं तर साक्षीदार एकच आहे, पण त्याची उलटतपासणी पुन्हा पुन्हा करता येते, आणि कुणालाही करता येते. पुराणकथेकडे आपण हे मागत नाही, मागूही नये. तिचं काम वेगळं.

प्रश्न : संतमस हे नाव कोणी ठेवलं? आणि बिभा म्हणजे कोण? आमच्या कॉलेजात कुणालाच माहीत नाही.
— बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पंढरपूर

उत्तर : हे कुणालाच माहीत नसणं मला फार लागतं, म्हणून विचारलंस ते बरं केलंस.

बिभा चौधुरी कोलकात्याच्या. जन्म १९१३. देबेंद्र मोहन बोस यांच्यासोबत त्यांनी दार्जिलिंग आणि संदकफूच्या उंचीवर फोटोच्या काचा ठेवल्या. आकाशातून येणारे वैश्विक किरण त्या काचांवर आपल्या वाटा उमटवत. त्या वाटा सूक्ष्मदर्शकाखाली मोजून दोघांनी इलेक्ट्रॉनपेक्षा जड आणि प्रोटॉनपेक्षा हलक्या कणांचं वस्तुमान काढलं, आणि १९३९ ते १९४२ दरम्यान ते निष्कर्ष ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध केले. याहून चांगल्या काचा त्यांना हव्या होत्या. युद्धामुळे मिळाल्या नाहीत. पुढे सेसिल पॉवेल यांनी जास्त संवेदनशील काचा वापरून याच वाटेनं पायॉन नावाचा असाच मधल्या वजनाचा कण शोधला आणि १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. बिभाताईंना होमी भाभांनी १९४९ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घेतलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री संशोधक. १९९१ मध्ये त्या गेल्या. डिसेंबर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघानं देशोदेशींना एकेक ग्रह आणि एकेक तारा नाव ठेवायला दिला, तेव्हा भारताच्या वाट्याच्या ताऱ्याला त्यांचं नाव मिळालं. बंगालीत बिभा म्हणजे प्रकाशाचा झोत. आपण विभा म्हणतो.

ग्रहाचं नाव पुण्याच्या एका शाळकरी मुलानं सुचवलं. त्यानं संस्कृत शब्द निवडला, ढगांनी वेढलेला अशा अर्थानं. अमरकोशात हा शब्द अंधाराच्या नावांत येतो: ‘विष्वक्संतमसम्’, चहूबाजूंनी दाटलेला अंधार तो संतमस. मला हा जुना अर्थच जास्त आवडतो, आणि तो बसतोही. अशा तापलेल्या महाग्रहांपैकी बरेच फार कमी प्रकाश परत फेकतात. ट्रेस-२ बी नावाचा एक तर पडलेल्या प्रकाशाचा शंभरावा हिस्साही परतवत नाही. कोळसा त्याच्यापुढे उजळ. ताऱ्याचं नाव प्रकाश आणि ग्रहाचं नाव अंधार, हे त्या मुलाला सुचलं की जुळून आलं, मला सांगता येणार नाही. पण रोज म्हणून बघ: बिभा आणि संतमस.

प्रश्न : बिभा तारा बार्शीतून दिसेल का? कुठे बघायचा?
— एक दुकानदार, बार्शी

उत्तर : नुसत्या डोळ्यांनी नाही. तिची प्रत, म्हणजे तेजाचा आकडा, ८.७ आहे. हा आकडा जितका मोठा तितका तारा मंद, आणि डोळ्याला सहाव्या प्रतीपर्यंतचंच दिसतं. १० बाय ५० ची, म्हणजे दहा पट मोठं दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची, दोन डोळ्यांची दुर्बीण असेल आणि गावातले दिवे मागे टाकून माळावर गेलात तर दिसेल. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला, अमावास्येच्या आसपास, रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. डोक्याजवळ सिंहेतली मघा. तिच्याखाली, वासुकी तारकासमूहातला एकटा लालसर तारा अल्फार्ड. मघेकडून अल्फार्डकडे निघा. पाऊण वाट सरली की डावीकडे वळा, हात लांब धरून तीन बोटांच्या रुंदीइतकं. तिथल्या बारीक ठिपक्यांत एक बिभा आहे. कुठला, ते नकाशा घेऊन जुळवावं लागेल.

मघा मला वडिलांनी माळवदावर झोपवून दाखवली होती. बिभाचा जो प्रकाश आज तुमच्या डोळ्यांत शिरेल तो सुमारे ३४० वर्षांपूर्वी निघाला. थोडी वर्षं इकडेतिकडे धरली तर १६८५ साल. औरंगजेब विजापूरच्या मोहिमेसाठी सोलापुरात तळ देऊन होता, आणि पुढच्याच वर्षी विजापूर पडलं. तेव्हापासून संतमसनं ५८ हजारांच्या आसपास फेऱ्या मारल्या आहेत. दुर्बीण बांधाच्या दगडावर नाहीतर गाडीच्या टपावर टेकवून धरा. हात हलला तर एवढा बारीक तारा सापडत नाही.